पॅसेजची भिंत का पाडली नाही

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, ओपन किचनचं काय झालं?" मी म्हणाले, सोसायटीने परवानगी दिली नाही. ते खोटं होतं. आजोबा शेजारी बसले होते, म्हणून. दिवाळीत याल तेव्हा खरं काय ते माहीत असूनच या.

मुलुंडच्या या घराला इतक्या वर्षांत फक्त रंग लागत आला. तुमच्या बाबांच्या आग्रहाने अख्खं घर नवं करायचं ठरलं. मी खोलीवार यादी केली. कॉन्ट्रॅक्टर साकीनाक्याचा, बोलका माणूस, हातात कायम टेप. पॅसेजपुढे मी लिहिलं होतं: धुता येईल असा रंग. बेडरूमपासून बाथरूमपर्यंत भिंतीवर कमरेच्या उंचीला एक तपकिरी पट्टा उमटला होता. आजोबा जाता-येता हात घासत जायचे. वर्षभर दर रविवारी मी तो पुसत होते आणि त्यांना बोलत होते.

"अहो, भिंतीला हात कशाला?"

"माझी भिंत आहे, मी लाड करीन."

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "काकू, रंग कशाला? ही भिंतच उडवू ना. नुसती विटांची आहे, बिल्डिंगला काही होत नाही. किचन, पॅसेज, हॉल सगळं एक. झकास!" त्याने नकाशा आजोबांच्या हातात दिला. "काका, बघा, आवडतं का."

आजोबांनी कागद डोळ्यांसमोर धरला, मान डोलावली. "छान. ओटा खिडकीकडे घेतलात, बरं केलंत."

ओट्याचं आम्ही मघाशी मोठ्याने बोललो होतो. कागदाची कोरी बाजू त्यांच्याकडे होती.

कॉन्ट्रॅक्टरने माझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप टेप गुंडाळली. तो गेल्यावर आजोबा उठले. हात भिंतीवर गेला, पावलं पडू लागली, भिंत संपली तिथे ते डावीकडे वळले. वर्षभर मी डोळ्यांनी बघत होते आणि मला काही दिसलं नव्हतं. पेपर मला वाचायला लावायचे, "तुझा आवाज चांगला आहे" म्हणून. रोज एकटे रस्ता ओलांडून भाजी आणायचे. त्या रस्त्यावरच्या बस आणि रिक्षा मला एकेक आठवू लागल्या.

ते परत आल्यावर मी विचारलं, "मी कुठल्या रंगाची साडी नेसले आहे?"

त्यांनी मान जराशी वळवली. "हिरवी?"

निळी होती.

"सांगितलं का नाहीत हो?"

"सांगितलं असतं तर तू मला एकट्याला उठू दिलं असतंस का?"

नसतं दिलं. हे मला तेव्हाही कळलं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकवायची. थेंब मी घड्याळ लावून घालते. भाजी आणायला आम्ही दोघं जातो. ते बाथरूमकडे निघाले की माझा जीव वर-खाली होतो, पण मी खुर्चीतून उठत नाही. कॉन्ट्रॅक्टरला भिंत सोडून बाकीचं काम करायला सांगितलं आहे.

भिंत उभी आहे. त्यांच्या डाव्या डोळ्याच्या कडेला थोडी नजर अजून शिल्लक आहे.