चमचाभर वायू

आईच्या डाव्या पायाची जखम मधुमेहामुळे काही केल्या भरत नाही. अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टर मागे बोलून गेलेत. त्याआधी हा एक प्रयत्न. दवाखान्यात तिचं पाऊल पारदर्शक पिशवीत घालतात, पिशवीचं तोंड पोटरीवर घट्ट बांधतात आणि नळीतून आत नायट्रिक ऑक्साइड सोडतात. पिशवी हळूहळू फुगते. आत मात्र काहीच घडताना दिसत नाही.

“हा वायू आपलं शरीरही तयार करतं, मावशी,” सिस्टर म्हणाल्या. “रक्त नीट पोचावं म्हणून. तुमच्या जखमेपाशी तो कमी पडतोय, म्हणून थोडा बाहेरून द्यायचा.”

“म्हणजे विरजणच की,” आई म्हणाली.

मला आधी हसू आलं, मग पटलं. आमच्या गल्लीत कुणाचं विरजण बिघडलं की शेजारून चमचाभर आणायचं. दूध आपलंच, पातेलंही आपलंच; शेजारचा चमचा दुधाला फक्त सुरुवात करून देतो. शरीरालाही कधी कधी स्वतःचंच काहीतरी असं बाहेरून आणावं लागत असेल. त्यात कमीपणा कसला?

पिशवी आता टम्म फुगली होती. जखमेच्या कडा गुलाबी दिसतात का, हे बघायला मी पुन्हा वाकलो. आल्यापासून माझं तेच चाललं होतं.

“सरळ बस बघू,” आई डोळे मिटूनच म्हणाली. “सारखं झाकण काढून बघितलं की दही लागत नाही.”