शिडीखालचा जोड

इस्माईलभाई गेल्याचं त्यांच्या मुलीनं, शबानानं, फोनवर सांगितलं. "ड्यूटीवरच छातीत कळ आली, ताई. दवाखान्यात नेईपर्यंत..." त्याला आता दीड महिना झाला.

घोटावड्याच्या एका कारखान्यात ते क्रेन चालवत. छताखालच्या रुळांवर सरकणारी क्रेन, तिला लटकलेली केबिन आणि तिथवर जाणारी लोखंडी शिडी. चपला शिडीखाली काढून ते वर चढत. होता होता त्याचा कायदाच झाला होता: खाली चपला म्हणजे वर माणूस, तेव्हा हुकाखाली जायचं नाही. जायचंच असेल तर आधी वर तोंड करून हाक मारायची, "उतरलात का?"

२००६ साली त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि मालकांनी ठरवलं की क्रेन खालच्या खोलीतून चालवायची. समोर पडदे, कॅमेऱ्यांची चित्रं, हातात दांडा; तो सोडला की क्रेन जागीच थांबायची. ते जमवायचं काम माझ्याकडं आलं. मी मूळची परभणीची, नोकरी हिंजवडीत, आणि तेव्हा स्वतःच्या हुशारीवर जरा जास्तच खूश. पहिला माल उचलून ते म्हणाले, "दिसतंय समदं, ताई. पर वजन कळत न्हाई. वर खुर्चीतनं कळायचं." मी हसले. हसायला नको होतं.

आठवडाभरात ते घडलं. जेवणाच्या सुट्टीनंतर एक फिटर शिडीपाशी आला, चपला दिसल्या नाहीत, म्हणून बिनधास्त हुकाखाली मापं घ्यायला बसला. चपला होत्या खोलीच्या दाराशी. कॅमेऱ्याला खांब आड येत होता. इस्माईलभाई हूक खाली सोडत होते... पडद्याच्या कोपऱ्यात टेपचं पिवळं टोक हललं आणि त्यांनी दांडा सोडला. हूक फिटरच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर थांबला. मी शेजारीच बसले होते. मला टेप दिसलाही नव्हता.

त्यांनी क्रेन बंद केली. मग म्हणाले, "तुमी मला खाली आणलंत, ताई. पर त्या पोराला वाटलं, क्रेनवर कुणीच न्हाई."

मी लाल दिवा लावला, भोंगा बसवला, पाटी रंगवून घेतली. त्यांनी घरून चपलांचा एक जुना जोड आणला. खोलीत बसण्याआधी तो शिडीखाली ठेवायचे, काम संपलं की उचलायचे. माझ्या दिव्याकडं कुणी ढुंकून पाहत नसे. चपलांकडं सगळे पाहत. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? पुढं चार वर्षं तिथं कुणाला खरचटलंही नाही, आणि ते काही माझ्यामुळं नव्हे.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेले. क्रेन बंद होती. सुपरवायझर म्हणाले, "नवा माणूस आलाय, पर हुकाखाली कुणी जाईना. चपला तशाच हायेत. उचलायला कुणाचा हात धजंना."

शबानानं त्या मागितल्या होत्या, म्हणून मी शिडीपाशी गेले. खोलीला कुलूप होतं, दिवा विझलेला होता, वरची जुनी केबिन तर कधीचीच रिकामी. हे सगळं मला दिसत होतं. तरी मी वाकता वाकता थांबले, वर तोंड केलं आणि विचारलं, "इस्माईलभाई, उतरलात का?"