तळ्याकाठचा कोळसुंदा

हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढे नाही, आईपुढे तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही डिंगोऱ्याचे नाही — उद्या सकाळी पारावर मला दिसणार नाही.

आधी झाडाबद्दल सांगतो. अवघड बोलायचं असलं की मी झाडापासून सुरुवात करतो, जुनी खोड आहे. कोळसुंदा पाणथळ जागेला येतो. कमरेएवढा, पेरापेराला लांब काटे, आणि काट्यांतून निळीजांभळी फुलं. पाऊस सरून रानातली बाकीची फुलं वाळली की याला भर येतो, मग मधमाश्या तिथंच. पंखांवर डोळे असलेलं ते नारिंगी फुलपाखरू याच्या पानावर अंडी घालतं. पाणकोंबडी पिल्लं घेऊन याच्या जाळीत शिरली, की कुत्र्याची काय टाप आहे? पुस्तकात हे मी नंतर वाचलं. आधी दाखवलं होतं नानांनी, माझ्या चुलत्यांनी.

आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. वडलांनी ती विकून शेती धरली, नानांनी तीसेक ठेवली. आणि मी घरातला पहिला कॉलेजात गेलेला — बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र. आता शाळेत विज्ञान शिकवतो. याचा मला अभिमान होता. आजही आहे, खोटं कशाला बोलू?

खोटं. बघा, कसा शब्द आला.

आठ वर्षांमागं गावच्या तळ्यातला गाळ काढला. जेसीबीनं काठ खरवडला, त्यात कोळसुंदाही गेला. पुढच्या हिवाळ्यात पाणी होतं, निळं काही नव्हतं. मी ग्रामसभेत उठून सांगितलं, मी परत लावून दाखवतो. टाळ्या पडल्या. बी मात्र आणलं नानांनी — बोरी बुद्रुकच्या ओढ्यावरून, हाताला काटे टोचून घेत, पटक्याच्या टोकाला बांधून. देताना म्हणाले, भिजवू नको, काठच्या चिखलात फेक. वरून मी मेंढरं फिरवतो, खुरानं दाबलं की धरतंय.

खुरानं पेरणी! मी मनात हसलो. आणि बी बादलीत भिजत घातलं.

कोळसुंद्याच्या बियाला पाणी लागलं की त्याचा चिकट गोळा होतो. मला ठाऊक नव्हतं. पदवी होती, ठाऊक नव्हतं. दोन दिवस गोळा सोडवत बसलो, तिसऱ्या दिवशी वास सुटला. घरामागच्या उकिरड्यावर ओतला, बादली घासून ठेवली. नानांकडे जाऊन पुन्हा बी मागायचं — एवढंच करायचं होतं ना? नाही गेलो. विचारणाऱ्यांना सांगत राहिलो, लावलंय.

श्रावण गेला, काठ उघडाच. सभेत सरपंचांनी विचारलं, काय झालं सर? आणि मी — न विचार करता? नाही, विचार करूनच — म्हणालो, रोपं चांगली आली होती, मेंढरांनी खाल्ली.

गावात मेंढरं एकट्या नानांचीच.

ते मागं बसले होते. उठले. "मेंढरू कोळसुंद्याला तोंड लावत न्हाई रं," म्हणाले. "काटा अस्तोय त्याला."

"कोवळ्या रोपाला काटा नसतो, नाना," मी म्हणालो.

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, नाना, आता कॉलेजात नाव घाला. नाना खाली बसले.

कोवळं रोप. कुठलं रोप? त्या काठाला मी एक बीसुद्धा टाकलं नव्हतं. मेंढरांनी खावं असं तिथं काहीच नव्हतं.

मग तारेचं कुंपण झालं. 'येथे मेंढरे आणू नयेत' — ती पाटी माझ्या हस्ताक्षरात आहे. दुसरं पाणी लांब, नानांचे गुडघे गेलेले. दिवाळीआधी त्यांनी मेंढरं विकली. कुत्रं तेवढं ठेवलं.

आणि तळं? तळ्याकाठी आता डोक्याएवढं गवत आणि पाणकणीस माजलंय. मेंढरं गवत खायची, काटा सोडायची — म्हणून तर तिथं कोळसुंदा होता. दरवर्षी मी बी फेकतो, दरवर्षी गवत त्याला गुदमरवतं. चिडतो. गवतावर चिडतो, वर्गातल्या पोरांवर चिडतो. त्यांना तारेबाहेर उभं करून मधमाश्यांचं महत्त्व सांगतो, आत एक माशी नसते. तार काढा म्हणावं, तर लोक विचारतील का. त्या 'का'साठी माझ्याकडे उत्तर आहे. तोंड नाही.

अजून एक राहिलं.

पुढच्याच वर्षी आमच्या उकिरड्याशेजारी, मोरीचं पाणी जातं तिथं, कोळसुंदा उगवला. पाचसहा झाडं. फुलं आली, माश्या आल्या. एका सकाळी नाना चहाला आले, ते परसात थबकले. काठीनं एक फांदी उचलून बघितली. मग उकिरड्याकडे बघितलं.

"हितं आलं व्हय," म्हणाले.

मी हो म्हणालो.

त्यांनी चहा घेतला आणि गेले. सहा वर्षं झाली, पुन्हा विषय नाही. येतात, बसतात, त्या झाडांकडे पाठ करून बसतात.

मागच्या उन्हाळ्यात तळ्यावरची पाटी पुसट झाली होती. अक्षरं लागत नव्हती. मी रंगाचा डबा घेऊन गेलो आणि ती परत रंगवली.