खंजिरी ऐकू येते का?

देवामामा गेला हे आम्हाला त्याच संध्याकाळी कळलं होतं. तो का गेला, हे दुसऱ्या दिवशीच्या पेपरनं सांगितलं. आतल्या पानावर, कोपऱ्यात, चार-पाच ओळी... हिंगण्याला कारखान्याच्या फाटकात कानाला हेडफोन लावून चाललेला एक कामगार मागे येणाऱ्या ट्रकखाली सापडला. शेजारच्या काकांनी पेपराची ती बाजू वर ठेवून घडी घातली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "गाण्याचा नादच होता न त्याले लय..." झालं. माणसाचा निकाल लागला. आता महिना उलटून गेला आहे. ज्यांनी ती बातमी वाचली त्यांनी हेही वाचावं, म्हणून लिहिते. मामा गेला तेव्हा हेडफोन त्याच्या पिशवीत होता आणि त्याची वायर वॉकमनभोवती नीट गुंडाळलेली होती. ती पिशवी मी माझ्या हातांनी उघडली आहे.

देवीदास हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. गाव उमरेडच्या पलीकडे, घरी शेती. भावांनी ती सांभाळली आणि हा हिंगण्याच्या एका कारखान्यात प्रेसवर लागला. सक्करदऱ्याला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, मंदामामीला आणलं आणि कंपनीच्या बसनं जाऊ-येऊ लागला. आमच्या घरी प्रेस म्हणजे छापखाना, कारण वडील युनियनची पत्रकं छापून आणत आणि मी शाळेत असल्यापासून त्यांच्या घड्या घालत असे. मामाची प्रेस म्हणजे पत्र्याला एका दणक्यात आकार देणारं धूड. एका शेडमध्ये अशी यंत्रं ओळीनं, आणि सगळी एकदम चालू. एकदा मी डबा द्यायला गेले होते तेव्हा फाटकाबाहेर उभी असूनही छातीत धडधडल्यासारखं झालं होतं. मामा हसला होता. "सवय होते वं," म्हणाला.

आणि तरी या माणसाला आवाजाचं वेड! गावच्या भजनी मंडळात तो खंजिरी वाजवायचा. सणाला रजा काढून जायचा तो देवासाठी कमी, खंजिरीसाठी जास्त. मंडळाच्या भजनाची एक कॅसेट कोणीतरी भरून दिली होती. तीत खंजिरी मामाची. बाजारात किंवा ओळखीत नवा टेप दिसला की ही कॅसेट त्यात घालायची आणि निकाल द्यायचा, हा त्याचा धंदाच झाला होता. ऐंशीनंतरची ही वर्षं... कोणाचा भाऊ मस्कतहून वॉकमन आणतो, कोणाला सासऱ्याकडून टू-इन-वन मिळतो, सीताबर्डीच्या बाजारात तर इथंच जुळवलेले बिननावाचे टेप ढिगानं. प्रत्येक जण आपला घेऊन रविवारी मामाच्या ओट्यावर. मामाचे नियम कडक. सेल नवेच पाहिजेत, कारण उतरलेल्या सेलवर गाणारा आजारी वाटतो. टेपातलं हेड स्पिरिटनं पुसलेलं पाहिजे. कॅसेट प्रत्येक टेपात त्याच जागेपासून सुरू करायची. मग डोळे मिटून ऐकायचा आणि ज्याचा टेप त्याच्या तोंडावर सांगायचा, "गोधडीत गुंडाळून गाऊन राहिला हा तुया माणूस. परत कर."

दोनेक वर्षांपूर्वी त्याची तक्रार सुरू झाली. खंजिरीच्या कडेला पितळी चकत्या असतात, त्यांची छुमछुम त्याला कुठल्याच टेपात सापडेना. "हा टेप चकत्या खाते," असं आधी एका टेपाबद्दल, मग दुसऱ्या, मग सगळ्यांबद्दल. शेवटी त्यानं जाहीर केलं की जपानचा माल बिघडला. दुकानदार त्याला पाहून शटर ओढायचे, असं मामी म्हणायची.

मग तो रविवार आला. मामाबरोबर प्रेसवर काम करणारा धनराज मस्कतचा एक वॉकमन घेऊन आला होता. समोर ठेवला सीताबर्डीचा बिननावाचा टेप. पैज लागली. प्रेसवरचे सहा-सात जण ओट्यावर, हेडफोन एका कानावरून दुसऱ्या कानावर फिरत होता, आणि एकेकाचा निकाल एकच.

"काहीच फरक नाही गा."

"दोन्ही सारखेच."

"मस्कतले जाऊन फसला तुया भाऊ, धनराज!"

मामी चहा घेऊन आली होती. धनराज तिला म्हणाला, "वहिनी, तुम्ही सांगा बरं." तिनं ट्रे खाली ठेवला, एक ऐकला, दुसरा ऐकला आणि म्हणाली, "हे काय विचारणं झालं? या मस्कतवाल्यात खंजिरीची छुमछुम वाजून राहिली. त्यात नुसत्या थापा."

सगळे हसले. "बायकोले नवऱ्याची खंजिरी ऐकू येणारच," एक जण म्हणाला. मामीनं हेडफोन माझ्या डोक्यावर अडकवला. मस्कतवाल्यात चकत्या लख्ख वाजत होत्या, एकेक मोजून घ्यावी अशा. शेजारच्या शिंप्याला बोलावलं, त्यालाही ऐकू आल्या. त्याच्या म्हाताऱ्या आईलाही. ओट्यावर ज्यांना ऐकू येत नव्हत्या, ते सगळे प्रेसवरचे होते... मामानं पुन्हा हेडफोन लावला. आवाज पूर्ण वाढवला. तोंड मिटून ऐकत राहिला. आपल्याच हातची खंजिरी, आणि त्याला ती सापडत नव्हती. मग त्यानं टेप बंद केला आणि चहा न घेता आत गेला.

आठवडाभर तो कोणाशी धड बोलला नाही. मामीला मात्र म्हणाला होता, "माझं गेलं ते गेलं. ती नवी पोरं काल लागली प्रेसवर, त्यायचं काय?" पुढच्या सोमवारी ते दोन्ही टेप मागून घेऊन, पिशवीत घालून तो कामावर गेला, आणि पाळी सुटताना फाटकाबाहेर उभा राहिला. जो बाहेर येईल त्याला दोन्ही ऐकवायचे आणि एकच विचारायचं, कोणता चांगला? रंगकामवाले क्षणात सांगायचे. कँटीनवाले सांगायचे. प्रेसवर नुकती लागलेली पोरंही सांगायची. प्रेसवरचे जुने म्हणायचे, सारखेच. रोज नवी माणसं, रोज हेच. पुस्तकातला कुठला सिद्धांत असा फाटकावर उभा राहून सिद्ध होताना मी पाहिला नव्हता.

मी पत्रक लिहून नेलं. मोठं होतं. शोषण, श्रम, भांडवल, सगळं त्यात होतं. मामानं वाचलं आणि म्हणाला, "हे सगळं खरंच आहे वं पोरी, पण एवढं वाचेपर्यंत बस सुटते." मग त्यानं सांगितलं तेवढंच छापलं: खंजिरी ऐकू येते का? आणि खाली, येत नसेल तर आम्हाला येऊन भेटा. मागण्या दोन होत्या. प्रेसवर प्रत्येकाला कानावर घालायची झाकणं द्या आणि कोणालाही वर्षानुवर्षं प्रेसवर ठेवू नका, आलटून पालटून दुसरं काम द्या.

कंपनीनं कापसाचे बोळे वाटले. कंपनीचा डॉक्टर आला, मामाच्या समोर खुर्ची टाकून बसला, हळू आवाजात नाव विचारलं, गाव विचारलं. मामानं उत्तरं दिली. कान ठणठणीत, असा शेरा मिळाला. "ओठ दिसत होते न त्याचे," मामा घरी येऊन म्हणाला. "मिशी असती तं नापास झालो असतो." त्याला हसू आवरेना. मला मात्र त्या डॉक्टरचा राग आजही आवरत नाही. अखेर सरकारी इन्स्पेक्टरकडे अर्ज गेला आणि तो पाहणीला यायचं ठरलं. मामा म्हणाला, "त्याच्या टेबलावर दोन टेप ठेवतो. भाषण तू कर."

इन्स्पेक्टर यायच्या आधीच्याच आठवड्यात ते झालं. पाळी सुटली होती, मामा आणि धनराज फाटकाकडे येत होते आणि पत्र्याचा ट्रक त्यांच्या मागून रिव्हर्समध्ये येत होता. क्लीनर मागे उभा राहून शिट्टी मारत होता. शिट्टी पहारेकऱ्यानं ऐकली, बाहेरच्या पानठेलेवाल्यानंही ऐकली. धनराज दोन हात बाजूला होता म्हणून वाचला. कंपनीनं सांगितलं, सगळ्यांना ऐकू आली ती शिट्टी याला नाही आली, कारण कानात गाणी. पेपरनं ते छापलं. ही एक ओळ खरी मानली की मामा स्वतःच्या बेपर्वाईनं मेला, आणि त्याच्याबरोबर प्रेसवरच्या सगळ्यांच्या कानांचा प्रश्नही मिटला. पाहणी पुढे ढकलली आहे, आणि इन्स्पेक्टरच्या कागदावर काय जाणार, हे या एका ओळीवर ठरणार आहे. धनराजला जो भेटेल तो विचारायचा, "तू काहून ओढलं नाही गा त्याले?" तो मान खाली घालून बसायचा. त्यानं कोणालाच काही सांगितलं नाही.

तेरवी झाल्यावर एका दुपारी कंपनीचे एक साहेब घरी आले. बोलायला सभ्य होते. खुर्चीवर बसले, शेजारी सतरंजीवर आधीच भेटायला आलेला धनराज चहाची बशी घेऊन, मी दाराशी. साहेब म्हणाले, "फार वाईट झालं. माणूस चांगला होता. पण ताई, कानाला ते लावलं की बाहेरचं काही ऐकूच येत नाही हो माणसाला."

मामी उठली. आत गेली, पिशवीतून मस्कतवाला वॉकमन काढला, कॅसेट घातली आणि साहेबांपुढे धरला. "लावा."

"अहो, कशाला..."

"लावा न साहेब. त्यायच्याच हातची खंजिरी आहे. आवाज तुमच्या मनानं ठेवा."

दुःखातल्या बाईला नाही कसं म्हणणार? त्यांनी हेडफोन लावला, चक्र फिरवून आवाज ठेवला, मान डोलावली. "छान वाजवायचे," असं जरा मोठ्यानंच म्हणाले. मामी त्यांच्या मागे गेली, साहेब आणि धनराज दोघांच्याही मागे, भिंतीला टेकून. पदर खोचला. दोन बोटं तोंडात घातली. लहानपणी बापाच्या शेतात ज्वारीवरची पाखरं उडवायला ती जशी शिट्टी मारायची, तशी तिनं मारली... सुतक नुकतंच फिटलेल्या त्या घरात. गल्लीतली पोरं खेळ थांबवून दाराशी आली. साहेब दचकून खुर्चीतच वळले. हेडफोन एका कानावरून घसरला, चहा सांडला.

धनराज वळला नाही. बशीतला चहा फुंकत होता.

साहेबांनी मामीकडे पाहिलं, मग धनराजकडे. त्याच्या उघड्या कानांकडे पाहत राहिले. मामी फिरून धनराजच्या समोर आली. मामाशी बोलायचं असलं की ती अशीच आधी समोर यायची, खांद्याला हात लावायची आणि मग बोलायची. त्या घरात अजून कोणी कोणाला मागून हाक मारत नाही. तिनं वाकून धनराजच्या खांद्याला हात लावला.

"भाऊ, मी शिट्टी मारली."

धनराजनं वर पाहिलं.

"कवा?"