हूबरबाईंची रिकामी ताटली

आयर्लंडातलं कॉर्क सोडलं त्या सकाळी सामानाची गाडी दाराशी उभी होती आणि शेजारची मॉरीन मला तिसऱ्यांदा चहा घे म्हणत होती. आधीचे दोन्ही नकार तिने मनावर घेतलेच नव्हते. शेवटी कप हातात आला आणि मी तिच्या ओट्याशी उभी राहून पोटभर रडले. कोल्हापूर सोडताना एवढी रडले नव्हते. तेव्हा परत येणार हे गृहीतच होतं.

आयर्लंडात मला घरच्यासारखं वाटायचं ते या आग्रहामुळे. आमची आई म्हणते, "पहिलं नको ऐकायचं नसतं गं, ती रीत असते." मॉरीनच्या आईनेही तिला हेच शिकवलं असणार.

मग माझ्या नवऱ्याला, समीरला, जर्मनीत रेगेन्सबर्गच्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली. इथे 'नाइन' म्हणजे नको, आणि नको म्हणजे नकोच. आल्या आल्या वरच्या मजल्यावरच्या फ्राऊ हूबर, म्हणजे हूबरबाईंनी केक पुढे केला, मी रीतीप्रमाणे नको म्हटलं, आणि बाईंनी हसून ताटली उचलून नेली. घरी येऊन मी मुकाट्याने बिस्किटं खाल्ली. त्यानंतर जिन्यात भेटलो तर फक्त 'ग्र्यूस गॉट', इथला नमस्कार. दिवस लहान होत गेले तशी मी समीरला स्पष्टच सांगितलं, "एवढा हिवाळा काढते, मग मी परत कॉर्कला." तो भांडला असता तर बरं वाटलं असतं.

नाताळात आयरिश जेवणाचा घाट घातला तो त्या ओढीनेच. मटणाचा स्ट्यू, कोबी घालून घोटलेला बटाटा, त्यात मधोमध लोण्याचा गोळा, ताकात पीठ भिजवून केलेला सोडा ब्रेड. समीरच्या ऑफिसातलं क्षितिजा आणि प्रशांत हे पुण्याचं जोडपं यायचं होतंच. हूबरबाई एकट्याच असतात म्हणून त्यांनाही बोलावलं. माझं जर्मन तोडकंमोडकं, पण दुभाषी म्हणून क्षितिजा होती.

"वहिनी, हा पांढरा रस्सा नारळ घरी विसरून आलाय का?" प्रशांतने विचारलं आणि पुन्हा वाढून घेतलं. हूबरबाई मात्र गप्प जेवत होत्या. ताटली लख्ख करायच्या. ताटली रिकामी दिसली की माझा हात कुठला थांबतोय! त्या "नाइन, डांके" म्हणाल्या, म्हणजे नको, आभारी आहे. मी रीतीप्रमाणे ऐकलं नाही आणि वाढलं. त्यांनी संपवलं. मी पुन्हा वाढलं. बाई घामाघूम झाल्या तेव्हा क्षितिजाने माझा डाव धरला.

"अगं थांब! तू वाढतेस म्हणून त्या संपवतायत आणि त्या संपवतायत म्हणून तू वाढतेस. पानात टाकायचं नाही हे त्यांनाही शिकवलंय, पण हात आडवा धरायला कुणी शिकवलेलं नाही!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्षितिजाने बाईंना सगळं जर्मनमध्ये समजावलं. आमच्यात नकोचा अर्थ काय, ताटावर हात कसे धरायचे, सगळं. बाईंनी हात धरून पाहिले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकदम थांबल्या.

"आल्झो, म्हणजे त्या दिवशी तुम्हाला केक हवा होता?"

"हवा होता," मी म्हटलं.

"मला वाटलं, तुम्हाला माझ्या हातचं चालत नाही. म्हणून परत विचारलं नाही."

म्हणजे इतके दिवस वरच्या मजल्यावर त्याही माझ्यासारख्याच खट्टू होऊन बसल्या होत्या. मी उठून त्यांना मिठीच मारली. इथे असं करतात की नाही, विचारत बसले नाही.

न सांगता ज्यांना आपलं कळतं तिथे आपलं घर, असं मी समजत होते. तसं कोल्हापूर आहे, कॉर्क आहे, दोन्हींची आठवण येते आणि येत राहील. पण आपली रीत कुणाला समजावून सांगावीशी वाटते आणि समोरचं माणूस आपली सांगतं, तिथेही घर होऊ लागतं.

सगळे गेल्यावर भांडी पुसता पुसता समीरने खाली बघतच विचारलं, "राहशील का गं इथे?"

एरवी मला कुठलीही गोष्ट तीनदा विचारावी लागते. त्या दिवशी पहिल्यांदाच विचारल्यावर हो म्हणाले.