सत्त्याऐंशी नंबर आणि व्हर्नाचे कान

व्हर्ना स्टोडोला डोळे मिटून बेसबॉल बघते. मी थट्टा करत नाही. मेसाच्या मैदानावर मार्चमध्ये मोठ्या संघांचे सराव-सामने होतात, तिथं आम्ही दोघं प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करतो. तिकीट बघायचं, फडक्यानं खुर्ची पुसायची, आणि उन्हानं लाल झालेल्या पाहुण्यांना सावलीतली जागा का मिळणार नाही ते गोड आवाजात सांगायचं. गोड आवाज व्हर्नाचा. माझा काही तसा नाही, म्हणून मला खेळाडूंच्या दारापाशी उभं करतात.

व्हर्नाचा विभाग उजव्या कुंपणाला लागून आहे. कुंपणामागं पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, सामन्यात उतरण्याआधी हात गरम करतात. तिथं ती एका पायरीवर बसते, डोळे मिटते आणि कॅचरच्या ग्लोव्हमध्ये चेंडू आदळल्याचा आवाज ऐकते. "फट् वाजला तर पोरगा नुसता जोर लावतोय. ठक्क वाजला तर त्याच्यात काहीतरी आहे," असं तिचं शास्त्र. नेब्रास्कात एकतीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली, आणि इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड कुठं आहे ते मेकॅनिकच्या आधी सांगायची. मेकॅनिक तिला टरकून असत, असं ती सांगते. मला ते पटतं.

आता आमच्या लीगबद्दल. आम्ही बारा जण आहोत, सगळे या मैदानावर काम करणारे आणि बहुतेक चाकांवरच्या घरांच्या आमच्या ट्रेलर पार्कात राहणारे. मार्चच्या शेवटच्या रविवारी सकाळी पार्कच्या सभागृहात आमचा ड्राफ्ट असतो. खरे खेळाडू आळीपाळीनं निवडून कागदावर वाटून घ्यायचे, आणि हंगामभर ते खऱ्या सामन्यांत जे करतील त्याचे गुण आपल्याला. एकदा एकानं घेतलेला खेळाडू दुसऱ्याला नाही. खेळ एवढाच, पण त्यापायी फेब्रुवारीपासून माणसं एकमेकांशी धड बोलत नाहीत. कोणाला कोणता नवा पोरगा आवडलाय हे बायको नवऱ्याला सांगत नाही.

जो शेवटचा येईल त्यानं पुढच्या ड्राफ्टच्या दिवशी कोंबडीचं चित्र असलेला पिवळा ॲप्रन घालून सगळ्यांसाठी पॅनकेक करायचे. आणि सलग पाच वर्षं शेवटचा आला तर लीगमधली खुर्ची रिकामी करायची. हा नियम कोणीतरी बीयर पिऊन केला होता, पण वहीत लिहिलाय म्हटल्यावर तो आमच्या लूपेसाठी दगडावरची रेघ. लूपे आर्विसू फाटकावरची मुख्य आणि लीगची सरपंच.

व्हर्ना सलग चार वर्षं शेवटची आली होती. तिच्या कानाला आवडलेले पोरगे चांगले असायचे, पण ती त्यांना दोन वर्षं आधीच घ्यायची. खुर्चीसाठी एक निवृत्त दंतवैद्य टपून बसला होता. तो एकदा येऊन तिच्या खुर्चीवर बसूनसुद्धा बघून गेला. वर म्हणाला, "पाठीला जरा टोचते हो."

"दात काढणाऱ्यानं पाठीची चिंता करू नये," व्हर्ना म्हणाली. त्या दिवशी आम्ही दोघं घरी निघालो. पार्कच्या दारातल्या संत्र्याच्या झाडांना नुकता मोहोर आला होता, तिथं ती थांबली.

"मर्ल, मुलगी म्हणते ओमाहाला ये, माझ्याकडे राहा. दर वर्षी म्हणते. मी म्हणते, मार्च होऊ दे. लीगच गेली तर तिला मी काय सांगू?"

"काही जात नाही तुझी लीग," मी म्हणालो. मी स्वतः अकरावा आलो होतो. ती वाचली तर ॲप्रन कोणाच्या गळ्यात येणार याचा हिशेब माझ्या डोक्यात तेव्हाच सुरू झाला होता. माणूस म्हणून मी फार थोर नाही.

मग आला तो शनिवार. सामना सुरू व्हायच्या तासभर आधी आमच्या एका पिचरचं पोट बिघडलं, म्हणून पलीकडच्या सरावाच्या मैदानावरून एका नवख्या पोराला घाईघाईनं बोलावलं. तो धापा टाकत माझ्याच दाराशी आला. मी त्याला रस्ता दाखवला आणि नाव विचारलं. अन्सेल्मो ब्रितो. कपडे सांभाळणाऱ्या माणसानं खुंटीवरचा हाताला लागेल तो शर्ट त्याच्या अंगावर फेकला. त्यावर नंबर होता सत्त्याऐंशी, आणि पाठीवर नाव नव्हतं. सराव-सामन्यांत असं चालतंच. सातव्या डावात तो उतरला आणि त्यानं तिघा फलंदाजांना हवेत बॅट फिरवायला लावून असं बाद केलं की माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. मी संडासात जाऊन माझ्या वहीत नाव लिहिलं, आणि दाराला कडी लावून लिहिलं.

बुधवारी व्हर्ना पाणी प्यायला गेली आणि तिची वही पायरीवर राहिली. मी ती उघडली. हो, उघडली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: 'शनिवार, सातव्या डावाआधी. असा ठक्क तीस वर्षांत ऐकला नाही. नंबर ८७.' आणि पुढं तिनं दारावर वाटतात त्या छापील यादीत बघून नाव लिहिलं होतं: ट्रेंट वँडरहूफ. त्याभोवती लाल पेननं तीन वर्तुळं.

यादी सकाळीच छापलेली असते. सत्त्याऐंशी नंबर वँडरहूफचाच, पण त्या दिवशी तो मैदानावर आलाच नव्हता. शिवाय वँडरहूफ डावखुरा आणि ब्रितो उजव्या हातानं फेकणारा. डोळे उघडे असते तर तिला कळलं असतं. पण बाईनं डोळे उघडले ते फक्त पाठीवरचा आकडा बघण्यापुरते!

मी वही होती तशी ठेवली. चार दिवस मी खुशीत होतो. ब्रितोचं नाव आमच्या लीगमध्ये दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं, आणि व्हर्ना भलत्याच माणसावर शेवटची संधी उडवणार होती. चार दिवस ती मला भेटली की म्हणायची, "मर्ल, यंदा बघच तू!" आणि मी म्हणायचो, "बघतो ना." रविवारी सकाळपर्यंत माझी ती खुशी पार आंबून गेली होती.

सभागृहात ती पिवळ्या ॲप्रनमध्ये तव्यापाशी उभी होती. दंतवैद्य पाहुणा म्हणून आला होता आणि तिच्या खुर्चीमागं ताट घेऊन उभा होता. तिनं मला न मागता पाच पॅनकेक वाढले. "खा. हरायला ताकद लागते," म्हणाली. मी पाचही खाल्ले.

बावीस फेऱ्या झाल्या. तेविसावी शेवटची. पाळी आधी व्हर्नाची, मग माझी. ती पीठ लागलेले हात पुसत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की मला बघवेना.

"ट्रेंट वँडरहूफ!"

"कोण?" चारपाच जण एकदम हसले. लूपेनं कागदाच्या पट्टीवर नाव लिहिलं आणि ती फळ्यावर चिकटवायला हात उचलला. पट्टी चिकटली की निवड पक्की.

"थांब लूपे!" मी ओरडलो. आपण ओरडलो हे मला नंतर कळलं. "व्हर्ना, तो नाही गं तो. शनिवारी तू ऐकलास तो दुसरा. शर्ट उसना होता."

 व्हर्ना माझ्याकडे वळली.

"मी शनिवारी कोणाला ऐकलं हे तुला काय ठाऊक?"

"तुझी वही वाचली."

"कधी?"

"बुधवारी."

"आणि आज रविवार." तिनं बोटांवर मोजलं. "चार दिवस गप्प बसलास? माझे पॅनकेक खाऊन?"

"पाच खाल्ले," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

आधी लूपेला हसू फुटलं, मग सगळ्यांना. व्हर्ना हसली नाही. म्हणाली, "नाव सांग."

आता ते नाव म्हणजे माझा सबंध मार्च महिना होता. मी सांगितलं. "अन्सेल्मो ब्रितो."

दंतवैद्य पुढं सरसावला. "नाव पुकारून झालंय. बदलता येणार नाही!"

"पट्टी फळ्यावर नाही, माझ्या हातात आहे," लूपेनं ती चुरगाळली. "आणि डॉक्टर, पाहुण्यांनी खावं आणि बसावं. दुसऱ्याच्या खुर्चीवर नाही."

व्हर्नानं ब्रितो घेतला. मी भांबावून गेलो होतो, वहीत दुसरं नावच नव्हतं. पाळी आली तशी तोंडातून निघालं, "वँडरहूफ." तेव्हा मात्र व्हर्ना हसली, तव्याला धरून हसली.

वँडरहूफला संघानं एप्रिलमध्येच घरी पाठवलं. ब्रितोला मे महिन्यात वरच्या मोठ्या संघात बोलावलं, आणि उन्हाळाभर व्हर्ना रोज सकाळी माझ्या खिडकीवर टकटक करून त्याचे आकडे वाचून दाखवायची. सप्टेंबरअखेर ती सातवी आली. तिनं मुलीला फोन लावला तेव्हा मी शेजारीच होतो. "येईन गं," ती सांगत होती, "पण पाहुणी म्हणून. मार्चात मला काम आहे." मी बारावा आलो होतो, आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही.

या मार्चमध्ये ड्राफ्टच्या सकाळी पिवळा ॲप्रन व्हर्नानं स्वतः माझ्या कमरेला बांधला. "पोट आत घे. कोंबडी ताणली जातेय." मग ती जाऊन आपल्या खुर्चीवर बसली, जरा मागं रेलली, आणि ताट पुढं केलं.

"मर्ल, पाच वाढ. चार दिवसांचे चार, आणि एक वही वाचल्याचा."

मी पाच वाढले. त्यातला सगळ्यात खालचा करपला होता. तिनं तो वास घेऊनच ओळखला आणि उचलून माझ्या ताटात टाकला.