साडूभाऊंची दस्ती

आमचे साडूभाऊ जन्माला आले तेच मुळी जागा धरायला. हे मी उगाच म्हणत नाही. त्यांच्यासोबत पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन आलोय. नांदेडच्या स्टँडवर लातूरची गाडी फलाटाला लागायच्या आत यांची निळ्या काठाची दस्ती, म्हणजे तुमचा रुमाल, डावीकडच्या पहिल्या खिडकीतून आत पडलेली असते. बरं, स्वतःसाठी धरतील तर शपथ! जागा द्यायची कुणातरी लेकुरवाळीला आणि आपण लोहा गाव येईस्तोवर दांडीला लटकायचं. लग्नाची पंगत असो, दवाखान्याचा बाक असो, दस्ती आधी पोचते, साडू मागून. एकुलती एक लेक लातूरला क्लासला होती तेव्हा हे रविवारी अर्धापूरहून केळी घेऊन जायचे आणि ती येईपर्यंत पहिल्या बाकावर तिची जागा धरून बसायचे. एकदा सरांनी यांनाच उभं करून प्रश्न विचारला. साडू अजिबात गडबडले नाहीत. "सर, मी निसती जागा धरून राहिलो," म्हणाले, "उत्तर पोरगी देईल. यायलीच ती."

ती पोरगी पुढं खडकांचा अभ्यास करता करता थेट अर्जेंटिनात पोचली. तिथं अँडीजच्या डोंगरांत उमावाकाची दरी आहे, त्या दरीतल्या एका खेड्यात ती राहते. कामाची मुदत संपत आली तसं तिनं आईबापाला बोलावून घेतलं. आक्कांच्या, म्हणजे साडूंच्या मंडळींच्या, गुडघ्यांनी साफ नकार दिला, म्हणून त्यांच्याऐवजी माझी वर्णी लागली. निघताना आक्कांनी दोघांना दम भरला, "पोरीला घेऊनच या. न्हाईतर तुमी बी तिकडंच रहा." साडूंनी तर सगळी तयारीच करून ठेवलेली. नांदेडच्या एका कॉलेजात तिच्या नोकरीचं बोलून झालं होतं, माडीवरच्या खोलीला रंग देऊन झाला होता. दस्ती तिथंही पडलेली होती म्हणा ना.

दरी मात्र, बाप रे, काय सांगू! एकाच डोंगराच्या अंगावर तांबडा, पिवळा, हिरवा, जांभळा असे पट्टेच्या पट्टे. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. साडू कमरेवर हात ठेवून म्हणाले, "आयला, हा तर लातूरचा धान्याचा मोंढा हाय! ही तूर, ही मसूर, ते मूग. वरचा पांढरा ढीग कशाचा म्हणावा?" "करडईचा," मी म्हणालो. काय करता, अशा माणसाबरोबर हिंडायचं तर आपणही थोडं वेडं व्हावं लागतं. डोंगराच्या पायथ्याशी जुनी जुनी गावं, कच्च्या विटांची घरं, वर मातीचं सपाट छप्पर. साडूंनी एका भिंतीवर थाप मारून "माळवद हाय की आपलं" असा निकाल दिला. शेकडो वर्षांच्या चर्चमध्ये शिरताना बूट बाहेर काढले. मका विकणाऱ्या बाईला, लामा हाकणाऱ्या म्हाताऱ्याला, दिसेल त्याला हात जोडून "जयभीम" घातला आणि ती माणसंही हसून हात जोडत राहिली. लेक सोबत चालत कुठला रंग लोखंडाचा, कुठला तांब्याचा, कुठला आटलेल्या समुद्राच्या गाळाचा, ते सांगत होती. सांगताना तिचा चेहरा असा काही फुलायचा की साडू डोंगर सोडून तिच्याकडंच बघत राहायचे.

बसची गंमत तर सांगायचीच राहिली. पहिल्याच दिवशी गाडी येताना दिसली आणि साडू सवयीनं धावले. डावीकडची पहिली खिडकी, नेम धरला, टाकली दस्ती आत! आता तिकडं ड्रायव्हर डावीकडं बसतो, हे यांना कुणी सांगावं? दस्ती पडली थेट त्याच्या मांडीवर. भला माणूस होता बिचारा. त्यानं दस्तीनंच घाम पुसला आणि ती साभार परत केली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी अंगणात चहा घेताना साडूंनी विषय काढला, "मग माय, बॅग भरली का?" लेकीनं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "बाबा, मला हितंच पुढचं काम देतायत. राहू का?" साडूंनी उरलेला चहा एका घोटात संपवला. "च्या लई पातळ करतेत हितं" एवढं बोलून उठले आणि आत गेले.

सकाळी बसमध्ये सगळ्यांच्या आधी चढले ते साडूच. खिडकीशी बसले आणि शेजारच्या जागेवर दस्ती अंथरली. मी मागं बसलो. खाली खिडकीशी लेक उभी होती, हातात बॅग नव्हती. ते साडूंनाही दिसत होतं हो, पण दस्ती काही उचलवेना. तेवढ्यात पाठीला गाठोडं बांधलेली एक म्हातारी वर चढली आणि त्या जागेपाशी थांबली. साडूंनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा लेकीकडं. मग दस्ती उचलली, तिनंच जागा झटकली आणि म्हणाले, "बसा माय."

गाडी हलली. जन्मभर खिडकीतून आत दस्ती टाकणाऱ्या या माणसानं ती खिडकीतून बाहेर टाकली. "धर गं माय! हितंच धर आता तुजी जागा!" लेकीनं ती वरच्या वर झेलली आणि तोंडाला लावून रडत सुटली.

वळणाआड ती दिसेनाशी झाल्यावर मी हळूच विचारलं, "साडूभाऊ, आक्काला काय सांगायचं?"

"सांगू की," ते म्हणाले, "पोरीला खिडकीची जागा गावली म्हणून."

मग खिसे चाचपायला लागले. मी माझी दस्ती पुढं केली. ती अजून त्यांच्याकडंच आहे आणि मी कधी मागितली नाही.